उपेल एजेंनी नेलेली माझी दोरी

आजच्या या हृद्य सोहळ्याच्या अध्यक्ष, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका आदरणीय गुलायिम एजे. जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयातून, घाटातल्या दरडीची पर्वा न करता इथवर आलेले प्रमुख पाहुणे शाइलोबेक मिर्झा. पहिल्या रांगेत उंच पांढऱ्या टोप्या घालून बसलेले आणि त्यामुळे दुसऱ्या रांगेला काहीही दिसू न देणारे आपल्या अर्चाकोल गावचे वडीलधारे. माझे सहकारी, पालक मंडळी, खिडक्यांत लटकलेली मुलं. मागच्या अंगणात कढईपाशी उभ्या असलेल्या आणि माझ्या भाषणातून वाचलेल्या भाग्यवान भगिनी. आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात आधी ज्यांचं नाव घ्यायला हवं होतं त्या आपल्या सत्कारमूर्ती, सगळ्या शाळेची थोरली बहीण, उपेल एजे. सगळ्यांना माझा आदराचा सलाम.

मला अध्यक्षबाईंनी सांगितलंय, "मुकाश, मांस शिजेपर्यंत बोल." घोड्याचं मांस आहे. तरुण घोडा होता असं खाटीक म्हणतो, पण त्याचे दात मी पाहिलेत, तेव्हा आपण सगळे जरा निवांत बसू या.

खरं म्हणजे निरोपाच्या भाषणाला माझी निवड का झाली, हे कोडंच आहे. या शाळेत गोड बोलणारी माणसं काय कमी आहेत? मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. माझी आयुष्यभराची वाक्यं तीन: ओळीत उभे राहा, धावा, आणि माझी दोरी कुठे गेली. त्यातलं तिसरं वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलंय आणि ते नेहमी एकाच व्यक्तीला उद्देशून. ती व्यक्ती आज फुलांच्या गुच्छाआड बसली आहे. हसू नका, एजे. आज मी सगळं काढणार आहे.

तर मंडळी, आज मी गौरव करायला उभा नाही, तक्रार करायला उभा आहे. गौरव मधेमधे झालाच, तर तो माझा नाइलाज समजावा.

माझी पहिली तक्रार चुन्याची. मैदानावर धावपट्टी आखायला दर वर्षी मला एक पोतं चुना मिळतो. तो पहिली ते चौथीच्या भूमितीत संपतो. उपेल एजे चुन्याची एक सरळ रेघ मारायच्या, रेघेच्या अलीकडे एक मूल, पलीकडे एक मूल, समोरासमोर. हे मूल जे करेल ते त्या मुलाने करायचं, पण आरशातल्यासारखं. याने उजवा हात वर केला की त्याने डावा. याने रेघेजवळ पाऊल टाकलं की त्यानेही तेवढंच. चुकलं की बाद. तासभर नुसता हशा. मी मनात म्हटलं, खेळू देत बिचारी. आणि मग दुसऱ्या दिवशी माझ्या कवायतीच्या तासाला ती मुलं आली. मी समोर उभा राहून उजवा हात वर केला आणि म्हटलं, उजवा हात वर! अख्ख्या तिसरीने डावा हात वर केला. मी ओरडलो, तर एक कार्टं आपल्या गुरुजींना म्हणतं कसं, "आगाय, तुम्ही रेघेच्या पलीकडे आहात ना!" सांगा, त्या मुलाला मी शिक्षा करू की बक्षीस देऊ?

दुसरी तक्रार काठ्यांची. कवायतीच्या चांगल्या गुळगुळीत काठ्या मी स्वतः तासून ठेवल्या होत्या. एक दिवस पाहतो तर दोरे बांधून बाईंनी काठ्यांचे चौकोन केलेत, त्रिकोण केलेत, आणि मुलं त्यांच्याशी कुस्ती खेळतायत. अगदी कुस्ती! चौकोन ढकलला की लगेच एका अंगाला लवतो, आडवा पडतो. त्रिकोणाला चौघांनी ढकललं तरी तो हलायला तयार नाही. मुलं घामाघूम. उपेल एजे मांडी घालून बसलेल्या, चहाची वाटी हातात, आणि विचारतायत, "मग तुमच्या घरच्या तंबूची भिंत कशाने बनलीय, चौकोनांनी की त्रिकोणांनी?" मुलं म्हणाली, चौकोनांनी, तिरक्या चौकोनांनी. "का?" मुलांनी पुन्हा चौकोन ढकलून पाहिला. आणि मग एकजण ओरडला, "नाहीतर मिटणार कशी? लॉरीत चढणार कशी?" आता मला सांगा, वडीलधाऱ्यांनो, आपण दर उन्हाळ्याला कुरणावर जाताना ती जाळीची भिंत मिटवतो, उलगडतो. जन्मभर करतोय. ती का मिटते असं आपल्यापैकी किती जणांनी स्वतःला विचारलं होतं? मी तर नव्हतं विचारलं. मला फक्त ती माझ्या पाठीवर कोण देतो, एवढीच चिंता असायची.

तिसरी तक्रार खरं तर माझी नाही, स्वयंपाकघराची आहे. एजेंकडे एक पोतडी होती. त्यात हात घालायचा, बघायचं नाही, आणि आत काय आहे ते चाचपून सांगायचं. नाव घ्यायचं नाही हं, आकार सांगायचा. कोपरे किती, कडा किती, सपाट बाजू किती. गोल म्हणून वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, घन म्हणून साखरेचे खडे. चाचपता चाचपता पोतडीतून तोंडाकडे रस्ता किती लांब असतो? तासाच्या शेवटी जगात गोल नावाचा आकारच शिल्लक राहायचा नाही. आणि साखरेच्या घनाच्या कडा चाटून चाटून अशा झालेल्या, की नवीन आलेल्या एका शिक्षिकेने तो अंडाकृती म्हणून वहीत लिहून घेतला.

तर असे हे खेळ. पण माझी मुख्य तक्रार अजून यायचीय. ती दोरीची.

ती दोरी साधी नाही. माझ्या वडिलांनी वळलेली, घोड्याच्या शेपटीच्या केसांची, काळी-पांढरी. पावसात भिजून आखडत नाही, उन्हात ढिली पडत नाही. मैदान मापायला मी ती शाळेत आणली, हा माझा मूर्खपणा. उपेल एजेंनी एक दिवस "जरा देता का" म्हणून नेली. तो 'जरा' वीस वर्षं चालला! मी दर आठवड्याला ती परत मागायला जायचो. खरंच रागाने जायचो, पावलं आपटत जायचो. दारात उभा राहिलो की एजे मान वर न करता म्हणायच्या, "बरं झालं आलात, मुकाश. हे टोक धरा जरा." आणि मी धरायचो. काय करणार? समोर वीस पोरं डोळे मोठे करून बघतायत, त्यांच्यासमोर थोरल्या बहिणीच्या हातून दोरी हिसकावून घ्यायची? मग एक टोक माझ्या हातात, एक टोक मुलाच्या हातात, आणि तासभर मी खांबासारखा उभा. तास संपला की मी घरी. दोरी एजेंकडे.

थोडं थांबतो. मघापासून मागच्या रांगांत कुजबुज चाललीय ती मला ऐकू येतेय. "चापान का नाही घातला अजून?" हेच ना? निवृत्त होणाऱ्याच्या खांद्यावर समारंभाच्या सुरुवातीलाच चापान चढतो, मग भाषणं होतात. आपली रीतच ती. आणि आज हा सोनेरी काठाचा मखमली झगा खुर्चीच्या पाठीवर घडी घालून तसाच पडलाय, एजे साध्या कोटात बसल्या आहेत, आणि गुलायिम एजे पाहुण्यांकडे बघायचं टाळतायत. काहींनी तर्क केला की माप चुकलं. माप चुकलेलं नाही. एजेंनी नाही म्हटलंय.

का, ते सांगतो. कुणीतरी सांगायलाच हवं, आणि मांस अजून शिजलेलं नाही.

वसंतात आपल्या मैदानावर शाळाशाळांचे ओर्दोचे सामने झाले, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. हा आपल्या रक्तातला खेळ. मैदानावर मोठा गोल, मध्ये मेंढीच्या घोट्यांची हाडं मांडलेली, बाहेरून नेम धरून ती गोलाबाहेर उडवायची. आणि त्यांच्या मधोमध राजा, तोही एक हाडच. तेवढ्यासाठी आपल्याकडे सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय. कारण? हाड रेघेवर होतं की रेघेबाहेर. तेव्हा गोल आखणं हे साधं काम नाही आणि ते काम होतं माझ्याकडे. शाइलोबेक मिर्झा त्या दिवशी दोन कामं घेऊन आले होते. एक म्हणजे सामने बघायचे, आणि दुसरं म्हणजे उपेल एजेंचा हा खेळाचा तास तपासायचा. कार्यालयात कुणीतरी म्हणालं होतं की अर्चाकोलची मुलं भूमितीच्या तासाला बाकावर बसतच नाहीत. बातमी अगदी खरी होती.

तर मी गोल आखायला घेतला. मधोमध खुंटा ठोकायचा, दोरी बांधायची, दुसरं टोक धरून ताणत ताणत फिरायचं आणि चुना सांडत जायचं. एजेंकडून दोरी त्या दिवसापुरती मागून आणली होती. माझीच दोरी, मी मागून आणली! मुलं छोटी खुंटी घेऊन आली, म्हणाली, "आगाय, ही घ्या." मी म्हटलं, "बारीक खुंटी शेळ्यांना. मी घोडेवाला माणूस आहे." आणि मांडीएवढा जाड खुंटा ठोकला. त्याला दोरी कशी बांधली? आपल्यापैकी प्रत्येक पुरुषाचे हात जशी बांधतात तशीच. दुकानासमोर घोडा बांधतो तशी, गच्च, हिसका दिला तरी न सुटणारी गाठ. आणि निघालो मी फिरायला. छाती पुढे काढून, पाहुण्यांसमोर.

फिरत फिरत निघालो तिथेच परत आलो, असं मला वाटलं. खाली पाहिलं तर सुरुवातीची रेघ एका पावलाने बाहेर राहिलेली आणि मी आत. गोल जुळेना! मला वाटलं, माझा हात ढिला पडला. पुन्हा फिरलो, आणखी जोर लावून. आणखी एक पाऊल आत. मैदानावर चुन्याची गोगलगाय तयार झाली, मंडळी. चार शाळांचे संघ, त्यांचे शिक्षक, जिल्ह्याचे पाहुणे, सगळे बघतायत. तिकडच्या शाळेचा एकजण ओरडला, "आगाय, अजून दोन फेऱ्या मारा, राजापर्यंत पोचाल!" माझे कान असे तापले की त्यांवर चहा उकळला असता.

आणि तेव्हा तिसरीतली अकमारल पुढे आली. ती बघा, खिडकीत बसलीय, लाल रिबीनवाली. ती खुंट्यापाशी गेली, गुंडाळलेल्या दोरीवर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "आगाय, तुमचा घोडा खुंट्याला गुंडाळला."

एका वाक्यात! अहो, कुरणावर चरायला सोडलेल्या घोड्याला आपण कधी गच्च गाठ मारतो का? खुंटीवर सैल फास टाकतो, म्हणजे घोडा फिरला की फासही फिरतो. गाठ मारली तर घोडा फिरून फिरून स्वतःच आखडतो आणि संध्याकाळी खुंट्याला नाक लावून उपाशी उभा असलेला सापडतो. शेंबडं पोरही हे जाणतं. मीही जाणत होतो. पण घोडा नसला की माझं डोकं चालत नाही असं दिसतं. माझ्या जाड खुंट्याचा वेढा जेवढा, तेवढी माझी दोरी दर फेरीला कमी होत होती.

अकमारलने बारीक खुंटी ठोकली, सैल फास टाकला. तिच्या वर्गातल्या मुलांनी आळीपाळीने टोक धरलं, आणि गोल जुळला. असा जुळला की कुठे सुरू झाला ते सापडेना.

शाइलोबेक मिर्झा जवळ आले. हसतच आले होते, हे मी त्यांच्या समक्ष सांगतो. त्यांनी अकमारलला विचारलं, "बाळ, वर्तुळ म्हणजे काय ग?"

अकमारल म्हणाली, "घोडा जिथवर चरला, त्याची कड."

"असं नाही. पुस्तकात काय लिहिलंय?"

पोरगी खाली बघायला लागली. रिबीन चघळायला लागली. मिर्झांनी दुसऱ्या मुलाला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळे खुंटीकडे नुसतं बोट दाखवतात. आणि मिर्झांचा चेहरा गंभीर झाला. तेव्हा मला त्यांचा राग आला होता, पण आज मान्य करतो, त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. ते म्हणाले, "एजे, मुलांच्या हातात सगळं आहे, तोंडात काही नाही. उद्या परीक्षेला बसतील, तिथे दोरी मिळत नाही."

उपेल एजे म्हणाल्या, "दोरी डोक्यात घालून नेता येते, मिर्झा. तिथे कुणी झडती घेत नाही."

"मग ती डोक्यातून कागदावर कधी येणार?"

एजेंनी दोरी गुंडाळायला घेतली. 

मग सामना झाला. आणि त्या दिवशी काय झालं आठवतंय का, मंडळी? काहीही झालं नाही! भांडण नाही, बाचाबाची नाही, टोप्या फेकणं नाही. गोल इतका नेमका होता की हाड आत आहे की बाहेर, यावर वाद घालायला जागाच उरली नाही. आपल्या एका वडीलधाऱ्यांनी, नाव घेत नाही, ते पहिल्या रांगेत डावीकडून दुसरे बसलेत, तक्रार केली की सामन्याला मजा आली नाही. शाइलोबेक मिर्झा तरुणपणी पट्टीचे ओर्दो खेळाडू होते. जाताना ते गाडीपाशी थांबून मला म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा न भांडता घरी जातोय." हसले, पण गाडीत बसताना हेही म्हणाले, की तासाचं काय करायचं ते उन्हाळ्याआधी कळवतो.

ते आज सकाळी कळवलं. मुख्याध्यापिकांच्या खोलीत आम्ही चहाला बसलो होतो. मिर्झा म्हणाले, "तास बंद करायची मला हौस नाही. मुलांनी हाताने करावं आणि मग तोंडाने सांगावं, एवढंच माझं मागणं आहे. पण उपेल एजे आता मुलाकडे बिश्केकला चालल्या. त्यांच्यामागे हे घेणार कोण? नाव द्या, तास ठेवतो. नाव नसेल तर शरद ऋतूपासून सगळे बाकावर, पुस्तक उघडून."

मंडळी, आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. खालच्या वर्गांच्या दोघी शिक्षिका, दोघींची घरी तान्ही मुलं. वरच्या वर्गांचे गणिताचे शिक्षक दोन शाळा सांभाळतात. नवीन माणूस शहरातून इथे यायला तयार होत नाही, आणि आलाच तर पहिल्या बर्फाबरोबर परत जातो. उपेल एजेंनी सगळ्यांकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. आणि मी? मी माझ्या चहात बघत बसलो. काय होतं त्या चहात एवढं बघण्यासारखं?

मग एजे उठल्या. आपली पिशवी उघडली आणि दोरी काढली. धुतलेली, विंचरलेली, नीट वेटोळं घालून लाल धाग्याने बांधलेली. माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "घ्या मुकाश, तुमची दोरी. फार दिवस राहिली." आणि गुलायिम एजेंकडे वळून म्हणाल्या, "तो चापान मला घालू नका. चापान काम पार पाडलेल्या माणसाला घालतात. माझं काम असं अर्ध्यावर टाकून मी मखमल पांघरून कुठे मिरवू?"

राग नव्हता हं त्यांच्या आवाजात. कुरकुर नव्हती. म्हणूनच मला जास्त लागलं.

वीस वर्षं जी दोरी मागत होतो ती समोर होती. मला आनंद व्हायला हवा होता. अगदी उडी मारायला हवी होती. पण उडी राहिली बाजूला. मी दोरीला हात लावला नाही. "भाषणाची तयारी करायचीय" असं काहीतरी पुटपुटलो आणि मैदानावर निघून गेलो. एजेंनी ती दोरी पुन्हा पिशवीत टाकली, अजून तिथेच आहे. ती बघा, खुर्चीखाली.

मैदानावर फेऱ्या मारत मी विचार केला. मला हे जमेल का? जिल्ह्यासमोर ज्याच्या गोलाची गोगलगाय झाली, तो माणूस मुलांना भूमिती शिकवणार? लोक घाटाखालपर्यंत हसतील. अकमारल तर रोजच हसेल. आणि मी कवायतीचा माणूस. मला ओरडता येतं, विचारता येत नाही. एजे मुलांना सांगत नाहीत, विचारतात, आणि मग गप्प बसतात. ते गप्प बसणं, मंडळी, धावण्यापेक्षा अवघड आहे.

पण मग इथे उभा राहून तुमच्यासमोर तक्रारी करायला लागलो आणि माझं माझ्याच लक्षात आलं. तुमच्याही लक्षात आलं असेल. आरशाचा खेळ कसा खेळतात ते मघाशी मी सांगितलं. काठ्यांची कुस्ती मी सांगितली. पोतडीत काय असतं तेही मीच सांगितलं. मला कुणी शिकवलं? मी तर दोरी मागायला जात होतो! दर आठवड्याला भांडायला गेलो, टोक धरून उभा राहिलो, आणि चिडत चिडत सगळा तास पाठ करून बसलो. या शाळेत उपेल एजेंच्या वर्गात सगळ्यात जास्त वर्षं काढलेला विद्यार्थी कोण असेल, तर तो हा. नापास होऊन होऊन राहिला, पण राहिला!

तेव्हा शाइलोबेक मिर्झा, तुम्ही नाव मागितलं होतं. घ्या. मुकाश. आडनावासकट लिहून घ्या, म्हणजे नंतर मला पळून जाता येणार नाही.

टाळ्या नकोत, टाळ्या नकोत. आधी मिर्झांची दुसरी अट. अकमारल, खाली उतर खिडकीतून. इकडे ये. घाबरू नको, मी उभा आहे तुझ्याजवळ. ओरडणार नाही. आता मला सांग, घोडा जिथवर चरला त्याची कड म्हणजे वर्तुळ. बरोबर? मग त्या कडेवरचं गवत घेतलं, इथलं घेतलं, तिथलं घेतलं, पलीकडचं घेतलं, तर त्या सगळ्या गवतात सारखं काय?

(मंडळी, आता मी गप्प बसणार आहे. बघा, किती अवघड जातंय.)

काय म्हणालीस? मोठ्याने सांग, मागे आजोबा बसलेत.

"खुंटीपासून सगळं गवत सारखंच लांब."

ऐकलंत, मिर्झा? मी तिला एक शब्दही शिकवलेला नाही, शपथेवर सांगतो. पुस्तकात "बिंदू" म्हणतात, ती "गवत" म्हणते. तेवढा एक शब्द आम्ही पुढच्या हिवाळ्यापर्यंत बदलून घेऊ, थोडी सवड द्या. मान हलवली त्यांनी! सगळ्यांनी पाहिलं ना? पहिल्या रांगेतल्या टोप्या साक्षीला आहेत.

आता अध्यक्षबाई, तो चापान उचला. उपेल एजे, उभ्या राहा. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. आता तरी नाही म्हणू नका, काम कुणाला तरी दिलंत ना? भलत्याच माणसाला दिलंत, पण दिलंत. घाला खांद्यावर. वा. एजे, अगदी नवरीसारख्या दिसताय! मारू नका, स्टेजवर आहोत आपण.

आणि ती पिशवी इकडे द्या. दोरी. मी ती परत मिळाली म्हणून घेत नाही, कामासाठी घेतोय. द्या.

एजे, सोडा.

अहो सोडा ना, टोक तुमच्या हातातच राहिलंय. सगळे बघतायत. लाल धागाही तुटला.

बरं. नाही सोडत? मग राहू द्या. तुम्ही तिकडे शहरात मुलाच्या नवव्या मजल्यावर जा, नाहीतर आणखी लांब जा, टोक सैल धरून मध्ये उभ्या राहा. गाठ मारू नका म्हणजे झालं. फिरायचं काम मी करतो.

आता मला थांबायला हवं, कारण मागून वास आलाय आणि तुमच्यापैकी निम्म्या लोकांचं लक्ष माझ्यावर नाही, हे मला इथून स्पष्ट दिसतंय. ज्यांनी हा सोहळा घडवून आणला त्या गुलायिम एजेंचे, दरड ओलांडून आलेल्या आणि शब्द पाळणाऱ्या शाइलोबेक मिर्झांचे, कढईपाशी सकाळपासून राबणाऱ्या भगिनींचे, त्या घोड्याचे, अकमारलचे आणि मला इतका वेळ सहन करणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव पुढेमागे झालं असेल, थट्टा जरा जास्त झाली असेल, तर पोटात घाला. आणि जिथून सुरुवात केली तिथे परत येताना माझ्या भाषणाचा गोल जुळला नसेल, तर दोष दोरीला देऊ नका. खुंटा जाड होता, असं समजा.